सरासरी मुक्काम

इथे आधी पाटी बदलते, मग ऋतू.
शिडीवर चढून मी दराचे आकडे फिरवते:
एकोणनव्वद, तीनशे दहा, दोनशे चाळीस,
सप्टेंबरात एकोणऐंशी, आणि तरी कुणी नाही.
आमच्या आचऱ्याला समुद्र नारळ घेऊन उघडायचा.
इथे साउथ पाड्रेला
प्लॅस्टिकचे तीन आकडे पुरतात.

जानेवारीत मिनेसोटाचे म्हातारे उतरतात.
गाड्यांच्या पोटाला तिकडचं मीठ,
बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर फेकलेलं.
दीड हजार मैल मीठ वाहून आणायचं
आणि समुद्रकाठी धुवायचं!
पाचला जेवण, सहाला पत्ते.
टॉवेल स्वतःच घडी घालून देतात.
चेलो आणि मी गळ्यापर्यंत स्वेटर लावून उभ्या,
आणि हे अर्ध्या चड्डीत, पाण्यात घोट्याएवढे,
जगातलं सगळं ऊन आपल्या नावावर असल्यासारखे.

मार्चचं मला विचारू नका.
रजिस्टरवर दोन, खोलीत नऊ.
जिन्यावर चपला सापडतात, जोडी कधीच नाही.
एकदा पहाटे तीनला एक पोरगी काउंटरशी येऊन बसली,
आईला फोन करायचा, म्हणाली, चार्जर द्या.
चार्ज झाला. लावला नाही.
माझ्या डब्यातल्या चार शंकरपाळ्या खाल्ल्या
आणि उजाडल्यावर गेली.

ईस्टरला मॉन्तेरेची कुटुंबं:
आज्या, मावशा, बर्फाच्या पेट्या,
सात मुलं आणि टोपलीत झाकून आणलेला एक पोपट.
पोपट चालत नाही असा नियम आहे.
मी त्या आठवड्यात नियम वाचत नाही.
एक शब्द कळत नसताना
तो गलका मला पूर्ण कळतो.

मग वाळूचे महिने.
मोरीत वाळू, चादरीत वाळू,
चेलोच्या हिशेबवहीच्या शिवणीत वाळू.
पहाटे कासवाची पिल्लं सोडतात,
माणसं दोरीमागे, श्वास धरून.
तळव्याएवढा जीव लाटेपर्यंत सरपटतो
आणि मागे न बघता जातो.
परतीचं बुकिंग नाही.

सप्टेंबरात प्लायवूडच्या फळ्या बाहेर काढतो,
प्रत्येकीवर खिडकीचा नंबर.
वादळ येतं किंवा येत नाही,
पाहुणे मात्र दोन्ही वेळा येत नाहीत.
बावीस खोल्या, कठड्यावर एक पेलिकन.
फुकट्या.

यंदा जानेवारीचा तक्ता पाठवला
तर पर्यटन कार्यालयातून बाईंचा फोन:
खोलीमागे माणसं तुमच्याकडे नेहमी दोन,
यंदा एक पूर्णांक नऊ. घट कशामुळे?
दर वाढवले? किनाऱ्यावर शेवाळ?
म्हटलं, बघून सांगते.

बघण्यासारखं काही नव्हतं.
दहा खोल्यांत वीस माणसं असायची, यंदा एकोणीस.
चौदा नंबरला ऑर्व्हिल लिंडक्विस्ट एकटा आला.
मार्लिस ऑक्टोबरात गेली.
त्याने दोघांचे पैसे दिले,
पाण्याजवळ दोन खुर्च्या मांडल्या,
एकीवर पुस्तक ठेवलं, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर शिंपला.
प्रफुल्ला हे नाव त्याच्या जिभेवर बसत नाही,
म्हणून मी त्याची प्रोफेसर.
प्रोफेसर, तो म्हणाला, सूर्य इथे पाण्यातून निघतो,
तुमच्याकडे कसा?
बुडतो, मी म्हटलं. रोज, घराच्या पायरीसमोर.
तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, म्हणजे कुठेतरी पोचतो.

कारणाच्या रकान्यात मी 'हवामान' लिहिलं.
बाईंना पटलं.

फेब्रुवारी संपता संपता, चपला यायच्या आधी,
तो किल्ली द्यायला आला.
पुढच्या वर्षी हीच खोली.
किती जण, मी विचारलं,
विचारावंच लागतं, फॉर्मवर जागा आहे.
दोन, तो म्हणाला.

मी दोन लिहिले.
आकडा सुधारेल.